इयत्ता म्हणजे किती?

(एका शिशुवाटिकेच्या वार्षिक पालक मेळाव्यात झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



शिक्षणतज्ज्ञाच्या आसनावर आज आपण एका पत्रकाराला बसविले आहे. मी कलाशाखेचा साधा पदवीधर. बालमानसशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. परंतु बातमीच्या निमित्ताने तीस वर्षे शाळांचे उंबरे झिजविले आहेत आणि एका मुलीचा बाप या नात्याने एक चूकही केली आहे. त्या चुकीविषयी पुढे बोलेनच. विषय आहे मुलाने शाळेत केव्हा जावे आणि कोणत्या वर्गात बसावे हा.

माझ्या लहानपणी खेड्यातील शाळेत प्रवेश कसा होई, हे येथील आजी-आजोबांना आठवत असेल. जन्मदाखला कोणाजवळ नसे. वडील मुलाचे बोट धरून शाळेत नेत आणि गुरुजी मुलाला म्हणत, 'उजवा हात डोक्यावरून पलीकडे ने आणि डावा कान धर बघू.' बोटे कानाला लागली की मूल शाळेत बसायला योग्य. नाही लागली तर 'पुढच्या वर्षी आणा.' वडीलही निमूटपणे मुलाला परत नेत. वर्ष वाया गेले असे कोणाला वाटत नसे. कान धरता आला की गुरुजी पटावर जन्मतारीख लिहीत, ती बहुधा १ जून! शाळा जूनमध्ये उघडणार, तेव्हा वय त्याच महिन्यात पूर्ण झालेले बरे, असा त्यामागे व्यवहार. त्यामुळे १ जून हा निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस होऊन बसला आहे. सेवानिवृत्तीचे समारंभ मे महिन्याच्या अखेरीस एवढे का होतात, याचे उत्तर या कान धरण्यात आहे.

आपण या परीक्षेला हसतो. परंतु तिच्यात एक शहाणपण होते. लहान बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि हात आखूड असतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास हातपाय लांबतात, दुधाचे दात हलू लागतात आणि हात डोक्यावरून कानापर्यंत पोहोचतो. म्हणजे गुरुजी कागद पाहत नव्हते, मूल पाहत होते. आज आपल्याजवळ मिनिटा-सेकंदांची नोंद असलेला जन्मदाखला आहे. मुलाकडे पाहणे मात्र आपण थांबविले आहे.

'इयत्ता' हा शब्द आपण रोज उच्चारतो. त्याचा अर्थ वर्ष नव्हे आणि वर्गही नव्हे. संस्कृतमध्ये 'इयत्' म्हणजे इतके आणि 'इयत्ता' म्हणजे इतकेपणा, मोजमाप, मर्यादा. या मुलाला कितपत येते, कितपत पेलते, याचे माप म्हणजे इयत्ता. इंग्रजीतील 'इयर' आणि 'ग्रेड' या दोन्हींहून अधिक नेमका शब्द आपल्याजवळ होता. आपण त्याचा जिना केला आणि आता तो जिना कोण लवकर चढतो याची शर्यत लावली आहे.

जुन्या देशी शाळांत हे माप कसे चाले, याचे वर्णन एका इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. मद्रास इलाख्याचे गव्हर्नर टॉमस मन्रो यांनी १८२२ मध्ये देशी शिक्षणाची पाहणी सुरू केली. बळ्ळारीचा कलेक्टर ए. डी. कॅम्पबेल याने १८२३ मध्ये आपला अहवाल पाठविला. पुढे गांधीवादी विचारवंत धरमपाल यांनी ही सारी कागदपत्रे १९८३ मध्ये प्रसिद्ध केली, म्हणून ती आपल्याला वाचावयास मिळतात. कॅम्पबेल सांगतो की, हिंदू मुलाचे शिक्षण साधारण पाचव्या वर्षी सुरू होते. शिक्षक आणि शाळेतील सारी मुले त्या मुलाच्या घरी येतात, गणेशाच्या मूर्तीभोवती गोलाकार बसतात, पूजा होते आणि शिक्षक मुलाचे बोट धरून तांदळात देवाचे नाव लिहवून घेतो. आधी शाळा मुलाच्या घरी येते, मग मूल शाळेत जाते. नव्या मुलाचे पहिल्या दिवशीचे रडणे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना या क्रमाचे मोल समजेल.

पुढे तो लिहितो की, शाळेत मुलांचे साधारण चार वर्ग असतात आणि ते मुलांची संख्या व त्यांची प्रगती पाहून केलेले असतात. वयाप्रमाणे नव्हेत. पुढची मुले मागच्यांना शिकवितात. सकाळी जो प्रथम येईल त्याच्या तळहातावर सरस्वतीचे नाव लिहावयाचे, असा एक प्रघातही तो नोंदवितो. उशिरा येणाऱ्यांना छड्या मिळत, हेही त्याच अहवालात आहे. सारेच काही गोड नव्हते आणि तसे सांगून मी आपली फसवणूक करणार नाही. त्या शाळांत मुली फारच थोड्या होत्या आणि समाजातील अनेक घटकांच्या मुलांना तेथे जागा नव्हती, हेही मान्य केले पाहिजे. परंतु मुलाने दोन महिन्यांत पाढे पाठ केले काय किंवा पाच महिन्यांत केले काय, त्याला कोणी नापास म्हणत नसे.

आपल्या महाराष्ट्रातही मूल प्रथम धुळाक्षरे गिरवी. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटाने अक्षर काढायचे; चुकले की हाताने सपाट करायचे. लाल शाई नाही, खाडाखोड नाही. पाच वर्षांच्या मुलाची बोटे पेन्सिल धरायला तयार नसतात, हे त्या लोकांना ठाऊक असावे. आज वैद्यकशास्त्र याचे कारण देते. आपल्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती साऱ्या कूर्चा असतात. क्ष-किरणांत दिसतच नाहीत. पहिल्या वर्षात दोन दिसू लागतात आणि मग एकेक करीत सहा-सात वर्षांपर्यंत सात होतात. आठवे त्यानंतर काही वर्षांनी. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन आपण त्याला चार रेघांच्या वहीत रोज एक पान भरायला लावतो, तेव्हा ते पान तो ज्या मनगटाने भरतो ते मनगट अजून घडायचे असते.

सोळाव्या वर्षी पुत्राशी मित्रासारखे वागावे, हे सुभाषित आपण सर्वजण भाषणांत ऐकतो. त्याचा आरंभ पहिल्या पाच वर्षांच्या लाडांपासून होतो, हे मात्र सोयीस्करपणे विसरतो. आपल्या परंपरेत पाचव्या वर्षी अक्षराभ्यास आणि आठव्या वर्षाच्या सुमारास उपनयन, असे दोन टप्पे होते. मधली तीन वर्षे मूल घर आणि पाठशाळा यांच्या सीमारेषेवर असे.

आता कायद्याकडे येतो, कारण आपल्यापैकी अनेकांचा गोंधळ तेथेच आहे.

सक्तीच्या शिक्षणाचे वय ठरविण्याचा विचार आपल्याकडे प्रथम कृतीत आणला तो बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. तेथे प्रारंभीचे वय सात वर्षांचे होते. १९११ मध्ये नामदार गोखल्यांनी केंद्रीय विधिमंडळात सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलांसाठी विधेयक मांडले आणि पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. ज्या इंग्लंडचे राज्यकर्ते ते फेटाळत होते, त्या इंग्लंडात १८७० च्या कायद्याने पाच वर्षे हे वय धरले होते आणि १८८० पासून सक्तीही झाली होती. आजही तेथे पाच हेच वय आहे. प्रत्यक्षात मुले चौथे वर्ष संपल्यावरच शाळेत बसतात. फिनलंडमध्ये मात्र सातव्या वर्षी पहिली सुरू होते आणि त्याआधीचे एक वर्ष पूर्वतयारीचे असते. जर्मनी आणि जपान यांनी सहा वर्षे मानली आहेत. ज्यांचे नातेवाईक परदेशी आहेत त्यांच्यासाठी सांगून ठेवतो: लंडनमधील 'इयर टू' म्हणजे आपली पहिली, अमेरिकेतील 'फर्स्ट ग्रेड' ही आपल्या पहिलीच्याच वयाची. तेव्हा लंडनचा भाचा तिसऱ्या वर्षात आणि आपला मुलगा दुसरीत म्हणून कोणी मनाला लावून घेऊ नये. दोघे एकाच वयाचे आहेत.

स्वातंत्र्यानंतर आपल्या घटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचे सक्तीचे शिक्षण मार्गदर्शक तत्त्वांत घातले. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा या वयाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आणि सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण शासनाच्या कर्तव्यांत ठेवले. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि प्रवेशासाठी मुलाची चाचणी किंवा पालकांची मुलाखत घेता येत नाही. हे वाक्य पुन्हा वाचून घ्यावे, कारण तीन वर्षांच्या मुलासमोर फळांची चित्रे ठेवून 'व्हॉट इज धिस' विचारणाऱ्या शाळा मी स्वतः पाहिल्या आहेत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एक मोठे काम केले. दहा अधिक दोन या जुन्या आकृतीच्या जागी पाच, तीन, तीन, चार अशी रचना सांगितली. त्यातील पहिला पाच वर्षांचा टप्पा तीन ते आठ वर्षे वयाचा आहे. तीन वर्षे बालवाटिका किंवा अंगणवाडी, मग पहिली आणि दुसरी; हा सारा एकच पायाभूत स्तर. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या आराखड्यात तैत्तिरीय उपनिषदातील पंचकोशांचा विचार आवर्जून घेतला आहे. अन्नमय आणि प्राणमय कोश आधी पुष्ट व्हावेत, मग मनोमय, विज्ञानमय. म्हणजे शरीर, खेळ, श्वास, गाणे यांच्यामागून अक्षर. परंपरेतील आठवे वर्ष आणि धोरणातील आठवे वर्ष जुळले म्हणून टाळ्या वाजवू नका. जुळणीला मी पुरावा मानत नाही. पण ज्यांनी दोन वेगवेगळ्या काळांत मूल नीट पाहिले, त्यांना एकच गोष्ट दिसली, एवढे म्हणायला हरकत नाही.

याच धोरणात म्हटले आहे की, मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते. या एका वाक्याचा आपल्याकडे विलक्षण अर्थ लावला गेला. बाजारातल्या बालवर्गांच्या पत्रकांवर ते छापले जाते आणि खाली लिहिलेले असते, 'आजच प्रवेश घ्या.' मेंदू वाढतो तो वाळूत खेळून, आजीची गोष्ट ऐकून, भावंडांशी भांडून, पायऱ्या चढून-उतरून. तो पान भरून वाढतो, असे धोरणात कोठेही लिहिलेले नाही.

आता महाराष्ट्राचा नियम. २०१५ मध्ये शासनाने ठरविले की शिशुवर्गासाठी किमान तीन वर्षे आणि पहिलीसाठी किमान सहा वर्षे हवीत आणि हे टप्प्याटप्प्याने आणावे. वय कोणत्या दिवशी मोजायचे, ती तारीख मात्र पुढे सरकत गेली. आधी ३१ जुलै होती. २०२० मध्ये ती ३१ डिसेंबर झाली. म्हणजे जूनमध्ये शाळा सुरू होताना मूल साडेपाच वर्षांचे असले तरी चालते. केंद्रीय विद्यालयांनी २०२२ मध्ये पहिलीचे वय पाचवरून सहा केले, तेव्हा काही पालक थेट न्यायालयात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांचे ऐकले नाही आणि एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ऐकले नाही. मूल एक वर्ष अधिक खेळेल, या भीतीने देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावणारा आपला समाज आहे.

या तारखेचा परिणाम पाहा. २०२५-२६ च्या पंचवीस टक्के राखीव प्रवेशांत पहिलीसाठी १ जुलै २०१८ ते ३१ डिसेंबर २०१९ या काळात जन्मलेली मुले पात्र होती. अठरा महिने! एका बाकावर सात वर्षांना टेकलेला मुलगा आणि शेजारी साडेपाच वर्षांची मुलगी. मोठ्या माणसांत दीड वर्ष म्हणजे काहीच नव्हे. साडेपाच वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात तो चौथ्या हिश्शाहून अधिक काळ आहे. एकाच फळ्याकडे पाहणाऱ्या या दोघांना परीक्षेत एकच प्रश्न विचारायचा आणि जी मागे पडेल तिला 'हळू' म्हणायचे, हा न्याय झाला का? अनेक देशांतील अभ्यासांत असे दिसले आहे की वर्गातील सर्वांत लहान मुले पहिली काही वर्षे मागे दिसतात, आणि चंचल किंवा अवधान नसलेली असा वैद्यकीय शिक्काही त्यांच्यावरच अधिक बसतो. त्यांच्यात दोष नसतो. ती फक्त डिसेंबरात जन्मलेली असतात.

परंतु या अठरा महिन्यांत एक खिडकीही आहे, ती फार थोड्या पालकांच्या लक्षात येते. याच हिशेबाने जुलै ते डिसेंबर या महिन्यांत जन्मलेले मूल लागोपाठ दोन वर्षांच्या प्रवेशांना पात्र ठरते. साडेपाचव्या वर्षी जाता येते आणि साडेसहाव्या वर्षीही. सहा हे किमान वय आहे; गाडी सुटण्याची वेळ नव्हे.

आता माझी चूक सांगतो.

माझी मुलगी नोव्हेंबर १९९८ मधली. २००३ च्या जूनमध्ये तिला पाच वर्षे पूर्ण व्हायला पाच महिने बाकी होते. बालवर्गात गाणी तोंडपाठ, बोलणे चुरूचुरू. आम्हाला वाटले, हिला कशाला अडकवून ठेवायचे? जवळच्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंकडे गेलो. त्यांनी मुलीला बरोबर घेऊन मैदानाला एक फेरी मारली, तिच्याशी गप्पा मारल्या आणि परत येऊन म्हणाल्या, 'फार गोड मुलगी आहे. पुढच्या जूनमध्ये आणा.' मला राग आला. मी वृत्तपत्रात होतो, ओळखी होत्या. दुसऱ्या एका शाळेत ती ओळख वापरून मी प्रवेश मिळविला. जे काम सामान्य माणसाला जमले नसते ते मला जमले, याचा त्या संध्याकाळी अभिमानही वाटला.

दिवाळीपर्यंत घरातले बोलणे कमी झाले. वहीवर रोज लाल अक्षरांत 'हस्ताक्षर सुधारा' असे. पेन्सिलीचे टोक चावून चावून तिने लाकडाचा भुगा केला होता. एके रात्री वरणभात खाता खाता तिने विचारले, 'बाबा, मी ढ आहे का?' तिच्या आईने माझ्याकडे पाहिले. मी काहीतरी थातुरमातुर बोललो. तिला परत बालवर्गात बसविण्याचे धैर्य मात्र माझ्यात नव्हते. लोक काय म्हणतील, एवढाच माझा युक्तिवाद होता. पुढे सहावी-सातवीपर्यंत ती इतरांच्या बरोबरीला आली, आज उत्तम नोकरी करते. पण हिशेबाचा कागद समोर आला की अजून म्हणते, 'मला गणित येत नाही.' येते. तिला चौथ्या-पाचव्या वर्षी सांगितले गेले होते की येत नाही, आणि ते सांगणाऱ्यांत मी होतो.

माझ्यासारखे पालक हे का करतात? आई-वडील दोघेही नोकरीवर, घरात आजी-आजोबा नाहीत. तेव्हा शाळा हे मुलाला सुरक्षित ठेवण्याचे ठिकाण होते. ही अडचण खरी आहे, तिला मी हसणार नाही. पण त्यासाठी चांगले पाळणाघर किंवा खेळगट हवा, पहिलीचा वर्ग नव्हे. दुसरी भीती अशी की, आता जागा घेतली नाही तर ती शाळा पुन्हा मिळणार नाही. ही भीती शाळांनीच पेरली आहे. आणि तिसरे कारण शेजारचा मुलगा! त्याविषयी काय बोलावे?

शहरी मध्यमवर्गाची ही घाई एकीकडे, आणि दुसरीकडे ज्या मुलांना सहाव्या वर्षीही शाळा दिसत नाही ती. 'थांबा' हा सल्ला त्यांना देता येत नाही. शेतात जाणाऱ्या आईचे मूल घरी थांबले तर ते थांबून काय करणार? धाकट्याला सांभाळणार. 'असर' संस्थेने २०१९ मध्ये २६ ग्रामीण जिल्ह्यांत लहान मुलांची पाहणी केली, तेव्हा पहिलीच्या वर्गात सहा वर्षांची मुले पाचांत दोन एवढीच निघाली. सुमारे पाचवा हिस्सा चार-पाच वर्षांचा आणि उरलेली सात-आठची. चार वर्षांची मुले पहिलीत का बसतात? कारण पुष्कळदा गावात त्यांच्यासाठी दुसरे धड काही नसते.

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले होते. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले. लोक त्यांना प्रेमाने 'मूछाळी माँ' म्हणत. तेथे ताराबाई मोडक गेल्या, शिकल्या आणि १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम मांडले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मध्ये गेले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघी बालवाडी घेऊन मुलांच्या अंगणात गेल्या. 'अंगणवाडी' हा शब्द तेथे जन्मला. १९७५ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने तो देशभर नेला. थोडी मोठी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळा कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा. आणि मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन येई, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवली, ती विकासवाडी. मूल पाळणाघरातून बालवाडीत आणि बालवाडीतून पहिलीत केव्हा गेले हे त्याला कळतही नसे. आपण ज्याला आज पायाभूत स्तर म्हणतो, तो या दोघींनी दिल्लीत धोरण लिहिले जाण्याच्या कितीतरी आधी आदिवासी पाड्यांवर उभा केला होता.

आज आपल्याकडे याच्या अगदी उलट आहे. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे, पहिली शालेय शिक्षण खात्याकडे. एकीच्या ताईंची आणि दुसरीच्या गुरुजींची भेट होत नाही. खासगी बालवर्ग स्वतःच्या मर्जीने चालतात. शिशुवर्गात पानेच्या पाने लिहून झालेली असतात आणि पहिलीत 'अ' पासून पुन्हा आरंभ. मूल कंटाळते, आणि कंटाळलेल्या मुलाला आपण खोडकर म्हणतो.

शासनाने काही गोष्टी योग्य केल्या हेही सांगितले पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश निघाला. ज्यांनी झोपेत असलेल्या मुलाला रिक्षात घातले आहे, त्यांना त्याचे महत्त्व सांगायला नको. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा वाद पेटला आणि जूनअखेर शासनाला ते आदेश मागे घ्यावे लागले. त्या वादात राजकारण पुष्कळ झाले. हिंदीविषयी आमच्या मनात कोणताही आकस नाही. परंतु सहा वर्षांच्या मुलाच्या मनगटाला तीन भाषांच्या लेखनाची कसरत झेपेल का, हा साधा प्रश्न त्या गदारोळात फार थोड्यांनी विचारला. मूल ऐकून चार भाषा शिकते, लिहून नव्हे.

आमच्या आधीच्या पिढीत पहिलीच्या खाली 'बिगरी' नावाचा वर्ग असे. पु. ल. देशपांड्यांच्या लेखाच्या नावामुळे तो शब्द तरी उरला. बिगरीतले मूल वर्षभर पाटी घेऊन नुसते बसे, इकडेतिकडे पाही, मोठ्यांचे पाढे कानावर पडत. त्यातून ते केव्हा पहिलीत गेले याची कोणी नोंद ठेवत नसे. आज बिगरीची प्लेग्रुप, नर्सरी, ज्युनिअर, सीनिअर अशी चार वर्षे झाली आहेत. प्रत्येकाचे शुल्क वेगळे, गणवेश वेगळा, आणि शेवटी झगे-टोप्या घालून पदवीदान समारंभही! साडेपाच वर्षांचा पदवीधर मी प्रथम पाहिला तेव्हा माझी पदवी मला फारच उशिरा मिळाली असे वाटून गेले.

या शिशुवाटिकेत ताईंनी वाळूचा हौद, बागेचा तुकडा, भांडीकुंडी, चित्रांची पुस्तके ठेवली आहेत आणि पाच वर्षांच्या आतील मुलाच्या हाती वही दिलेली नाही. त्यामुळे काही पालक मुले काढून घेतात, असे त्या मघाशी मला सांगत होत्या. पालकांनो, ज्या दिवशी आपले मूल घरी कोरी वही घेऊन येईल, त्या दिवशी 'काय शिकवले?' असे विचारण्याऐवजी 'काय केले?' असे विचारून पाहा. ते तासभर बोलेल.

मघापासून माझ्या हाती एक चिठ्ठी आली आहे. मागच्या रांगेतील एका भगिनीने विचारले आहे, 'माझा मुलगा १९ नोव्हेंबरला सहा वर्षांचा होतो. या जूनमध्ये पहिलीत घालू की पुढच्या? सासरे म्हणतात वर्ष वाया जाईल.' ताई, नियम दोन्हींना परवानगी देतो. तुम्ही घरी जाऊन त्याला डोक्यावरून हात नेऊन कान धरायला सांगा. तो धरील न धरील, पण त्या निमित्ताने तुम्ही त्याच्याकडे नीट पाहाल. तो सांगितलेली गोष्ट शेवटपर्यंत ऐकतो का, बुटांच्या नाड्या बांधायला धडपडतो का, तुम्ही दिसला नाहीत तर किती वेळ राहतो, हे महिनाभर पाहा आणि मग येथील ताईंशी बोला. माझे मत विचाराल तर पुढच्या जूनमध्ये. आणि सासऱ्यांना माझा नमस्कार सांगून त्यांचा स्वतःचा वाढदिवस १ जून आहे का, एवढे विचारा.